शून्य न आलेली बाकी

लेखन हा माझा प्रांत नव्हे. निवृत्तीनंतर, उतारवयात, हे धाडस करतो आहे. वाचकांची आधीच क्षमा मागतो.

"गाळप बंद, अन् तुमचं मशीन रात्रंदिवस काय गाळतंय, ओ?" एमडी साहेबांनी दारातूनच विचारले.

माजलगावजवळच्या एका सहकारी साखर कारखान्यात मी संगणक विभाग सांभाळत असे. दुष्काळामुळे ऊसच नव्हता. वजनकाट्याचा संगणक रिकामा पडला, तेव्हा विद्यार्थिदशेपासून मनात असलेले काम मी त्यावर लावले: एक प्रचंड संख्या मूळ आहे का, हे तपासणे. मूळ संख्या म्हणजे एक आणि ती स्वतः, यांखेरीज कशानेही निःशेष भाग न जाणारी. माझी संख्या, म्हणजे दोनला दोनने लाखो वेळा गुणून त्यातून एक वजा केलेली, कागदावर उतरवली असती तर पुस्तक भरले असते.

"सापडली तर ऊस येईल?"

"नाही, साहेब."

"मग आज संध्याकाळी मशीन बीडच्या ऑफिसला जाईल. तोवर चालू द्या."

संध्याकाळपर्यंत काम जेमतेम पुरे होणार होते. दुसरा संगणक माझ्या आवाक्यात नव्हता.

अशा संख्येची कसोटी दिसायला साधी असते. चारचा वर्ग करायचा, दोन वजा करायचे, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवायची. त्या बाकीचे पुन्हा तेच. ठरलेल्या पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली, तर संख्या मूळ. न आल्यास तिचे अवयव पडतात एवढेच कळते. कोणते, ते कळत नाही. मात्र मधली एक पायरी चुकली, की पुढचे सारेच चुकते.

वीज गेलेली होती. जनरेटर एकच, तोही जुना. यूपीएसची बॅटरी बसलेली. आवारातल्या चारा छावणीच्या बोअरची मोटर चालली, की व्होल्टेज डगमगे. म्हणून वायरमन रज्जाकभाईंना मी विनंती केली होती, की आज मोटर संध्याकाळी लावा. दुपारी ते दारात आले.

"सायेब, टँकर आला न्हाई. जनावरं कोरड्या हौदाला तोंड लावून हुबी हायेत. मोटर लावू का? तुमचा हिशोब बोंबलंल पर."

"किती वेळ चालेल?"

"ते बोअरलाच इचारा."

मी पडद्याकडे पाहिले. "लावा."

"लई मनाला लावून घेऊ नका, सायेब. तुमच्या नंबराला तहान न्हाई लागत."

हिशोब थांबवला असता, तर तो पुरा झालाच नसता, म्हणून चालूच ठेवला. दिवा थरथरला, पडदा आक्रसला, पण मशीन बंद पडले नाही. संध्याकाळी, जीप दारात उभी असताना, शेवटची बाकी आली. ती शून्य नव्हती.

संख्या खरोखरच मूळ नव्हती, की दुपारी कुठे एक पायरी चुकली? खात्रीसाठी तोच हिशोब पुन्हा करून तीच बाकी यावी लागते. ती संधी मला मिळाली नाही. कारखानाही पुढे सुरू झाला नाही.

मोटर लावायला सांगितल्याची खंत नाही. खंत न कळण्याची आहे. धडा म्हणाल तर एवढाच, की मोठी संख्या हाती घेण्यापूर्वी यूपीएसची बॅटरी बदलून घ्यावी.

अशा संख्यांचे निकाल आता कुणालाही घरबसल्या पाहता येतात. मी अनेकदा फोन हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. माझ्या जागी तुम्ही असता, तर निकाल पाहिला असता का?