औषधांची यादी कुणी विचारलीच नाही

"ट्रीटमेंट रेझिस्टंट डिप्रेशन," डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. म्हणजे औषधांना दाद न देणारं नैराश्य. दोन वर्षांत तीन औषधं बदलून झाली होती. निकामी ठरली ती औषधं, आणि नाव असं की जणू हट्टीपणा माझ्या भावाचाच. मला तिथेच संताप आला. तो अजून उतरलेला नाही, म्हणून लिहिते आहे. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी वाचावं.

माझा भाऊ श्रीधर बेचाळीस वर्षांचा. आम्ही वाराणसीत दुर्गाघाटावर राहतो. पाच पिढ्या झाल्या, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. मी बँकेत नोकरी करते. श्रीधर ऋग्वेदाचा घनपाठी, म्हणजे मंत्रातले शब्द उलटसुलट क्रमाने, एकही स्वर न चुकता, पोथी न बघता म्हणणारा. आठव्या वर्षी बाबांपुढे बसला तो बाविसाव्या वर्षी परीक्षा देऊनच उठला. नंतर पाठशाळेत मुलांना शिकवायचा.

एका सकाळी शिकवताना तो मध्येच थांबला. मुलांना वाटलं, गुरुजी विसरले. विसरला नव्हता. घरी येऊन मला म्हणाला, "ताई, पुढचं सगळं येत होतं. म्हणावंसंच वाटेना."

मग आंघोळ सुटली, जेवण सुटलं, बोलणं सुटलं. शेजाऱ्यांनी दृष्ट काढायला सांगितलं. एका काकांनी शिवरात्रीची भांग प्रसाद म्हणून पाजली, तर दोन दिवस तो कोपऱ्यात घाबरून बसून होता. त्या भांगेचं दुकान गल्लीच्या तोंडाशी आहे, सरकारी परवान्याचं, पाटी लावलेलं. हे लक्षात ठेवा.

तिसरं औषध फसल्यावर डॉक्टरांनी लिथियम जोडलं. हा एक क्षार. मन ताळ्यावर ठेवायला देतात, आणि रक्तात तो किती आहे ते सारखं तपासावं लागतं. त्याच्याबरोबर त्यांनी ईसीटी सुचवली, म्हणजे इलेक्ट्रोकन्व्हल्सिव्ह थेरपी. भूल देऊन मेंदूला थोडा विद्युतप्रवाह देतात, त्याने आवाक्यातला झटका येतो आणि पुष्कळांचं नैराश्य ओसरतं. मी स्मरणशक्तीचं विचारलं. उपचाराच्या आसपासच्या आठवणी पुसट होतात, बऱ्याचशा परत येतात, पण जुन्यातलं काहीच जाणार नाही अशी हमी देत नाही, असं ते म्हणाले.

मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. श्रीधर बाहेर बाकावर बसला होता, त्याला विचारलंसुद्धा नाही. घरी आईनेही माझीच री ओढली. चौदा वर्षं घोकून डोक्यात बसवलेला वेद, त्याला वीज लावायची? आज लिहिताना लाज वाटते. भाऊ अन्नाला शिवत नव्हता, मरण मागत होता, आणि आम्हाला काळजी पाठाची. अशी चूक आमच्यासारख्यांच्याच घरात होते.

हे कळल्यापासून श्रीधर फोनवर वाचत बसू लागला. काही मशरूममध्ये सायलोसायबिन नावाचं भास घडवणारं द्रव्य असतं, आणि औषधांना न जुमानणाऱ्या नैराश्यावर त्याचे परदेशात प्रयोग चालले आहेत, हे त्याने वाचलं. पुढच्या भेटीत त्याने स्वतः विचारलं. कित्येक महिन्यांत त्याने स्वतःसाठी मागितलेली ती पहिली गोष्ट होती.

डॉक्टरांनी लपवाछपवी केली नाही. प्रयोगात आधी माणसं पारखून घेतात, घराण्यात वेड असेल किंवा लिथियम चालू असेल तर सहसा घेत नाहीत. त्या दिवशी शिकलेली माणसं शेजारी बसून राहतात. एवढं करूनही काहींना गुण येतो, काहींचं बिघडतं, आणि आलेला गुण किती टिकतो ते पक्कं माहीत नाही. "आपल्याकडे त्यावर बंदी आहे. मी नुसतं अभ्यासायचं म्हटलं तरी परवानग्या गोळा करण्यात माझी नोकरी संपेल," ते म्हणाले. श्रीधरने त्यातलं एवढंच ऐकलं, की काहींना गुण येतो.

जवळच्याच एका गेस्टहाउसच्या गच्चीवर एक तरुण मशरूम खाऊ घालण्याचे सोहळे करायचा. स्वतःला गाइड म्हणवायचा. उशा, अगरबत्ती, मधात कालवलेली मशरूम. हे निसर्गाचं आहे, निसर्ग इजा करत नाही, असं तो सांगे. धोत्राही निसर्गाचाच. काशीत शंकराला रोज वाहतात, खाऊन दाखव म्हणावं. त्याने श्रीधरला जन्मवेळ विचारली, रास विचारली. औषधं कोणती चालू आहेत ते विचारलं नाही, आणि श्रीधरनेही सांगितलं नाही.

दुसरा शनिवार होता, म्हणून मी घरी होते. दुपारी गेस्टहाउसचा स्वयंपाकी धावत बोलवायला आला. मशरूम खाऊन तासाभरात श्रीधरला झटके सुरू झाले होते आणि गाइड जिना उतरून गेला तो गेलाच. आमच्या गल्ल्यांत गाडी येत नाही. स्वयंपाक्याने आणखी तिघांना गोळा केलं आणि श्रीधरला खाटेवर घालून उचललं. मी पुढे पळत होते. आमच्याकडे खांद्यावरून आडवं कुणी निघालं की ते बहुतेक स्मशानाकडेच निघालेलं असतं. दुकानदार उठून उभे राहिले, हात जोडू लागले. एकाने रामनाम सुरू केलं. मी सगळ्यांवर ओरडत गेले, "जिंदा है, रास्ता दो."

तीन दिवस आयसीयूत गेले. लिथियम आणि ते मशरूम पोटात एकत्र आलं की असे झटके येऊ शकतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग म्हणाले, "जो झटका मी भूल देऊन, ऑक्सिजन लावून देणार होतो, तो त्याला गच्चीवर उन्हात आला."

आयसीयूबाहेरच्या बाकावर नातेवाईक येऊन सांगत, बघ, म्हणूनच बंदी हवी. अहो, बंदी होतीच की. तिने गाइडला अडवलं नाही, अडवलं डॉक्टरांना. ज्याच्याकडे रक्ततपासणी आहे, भूलतज्ज्ञ आहे, त्याने हात लावायचा नाही, आणि जो रास विचारून मध चाटवतो त्याला गच्ची मोकळी. भांग मात्र पाटी लावून विका. आणि फोनवर हसतमुखाने मशरूमचे गोडवे गाणाऱ्यांनी मला आपल्यात धरू नये. माझ्या भावाचे डोळे फिरलेले मी पाहिले आहेत. हे दुकानात ठेवा असं मी मुळीच म्हणत नाही. दवाखान्यात, पारखून, नोंदी ठेवून अभ्यास तरी होऊ द्या. नाही म्हणायचं असेल तर कारण माहीत करून घेऊन नाही म्हणा.

तो शुद्धीवर आल्यावर ईसीटीचं मी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "पाठ गेला तर जाऊ दे, ताई. मी राहिलो तर परत बसेन शिकायला." सही त्यानेच केली.

एक दिवसाआड, आठ वेळा. दर वेळी मी बाहेर बसून भिंतीवरचं घड्याळ बघायची. तिसऱ्या खेपेनंतर त्याने चहा मागितला. सहाव्यानंतर चहा फिका झाला म्हणून माझ्याशी भांडला, आणि मी बाहेर जाऊन रडले. चुलतबहिणीच्या लग्नाला तो होता हे त्याला आठवत नाही, गच्चीही आठवत नाही. त्या डॉक्टरांचे आणि खाट उचलणाऱ्या स्वयंपाक्याचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही.

गेल्या महिन्यात एका सकाळी तो बाहेरच्या खोलीत पाठ म्हणू लागला. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. तो मध्येच थांबला, पाठशाळेतल्या त्या सकाळसारखा. पण तो तोच शब्द पुन्हापुन्हा म्हणत होता. त्याला म्हणायचं होतं, पुढचं येत नव्हतं.

मला येत होतं. आमच्याकडे मुलींना वेद शिकवत नाहीत. त्याला शिकवायला बसताना बाबा दार ओढून घ्यायचे. दाराआडून चौदा वर्षं कानावर पडलं ते कुठे जाणार? मी पुढचा शब्द मोठ्याने म्हटला.

तो दारात येऊन उभा राहिला. कपाळाला आठी होती.

"स्वर चुकला, ताई," तो म्हणाला. "परत म्हण."

मी सुरी खाली ठेवली आणि परत म्हटलं.