गाडीच्या दारातला नगारा

मंडळी, दुपारपासून कशातच लक्ष लागत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

सकाळी आमच्या इथल्या नई सडकवरच्या दुकानात गाडीच्या दारांत नवे स्पीकर बसवून घेतले. जुन्यांतून ढोलक म्हणजे नुसती टिकटिक. दुकानदार म्हणाला, "मॅडम, अब थाप सीधे सीने पे लगेगी."

परतताना शेजारी आत्या होती. तिच्यासाठी आजोबांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, आठवणींची जुनी कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून घेतली होती, ती लावली. आजोबा संस्थानच्या दरबारचे नगारची. त्यात ते म्हणतात, "संस्थान विलीन झालं आणि मी नगारा विसरलो."

हे वाक्य घरात सगळ्यांना पाठ आहे. पण आज त्या शब्दांखाली धम, धम, धमधम ऐकू आलं. बोलता बोलता त्यांची बोटं टेबलावर नगारा वाजवत होती! घरच्या टेपरेकॉर्डरच्या स्पीकरला ते कधी पेललंच नव्हतं.

आत्याचा जन्म विलीनीकरणानंतरचा. ती पुटपुटली, "अगं, मी तर त्यांना कधी वाजवताना पाहिलंच नाही."

मला ऐकवेना. गाडी कडेला घेतली, स्टिरिओ बंद केला.

ठेका थांबला नाही.

पाहते तर आत्याची बोटं डॅशबोर्डवर पडत होती, आणि तिला पत्ताच नव्हता.

तुम्हीच सांगा, तिला हे शिकवलं कुणी?