कोल्ड स्टोरेजमधलं सारीकामिश

गल्फला निघताना मी स्वेटर चिपळूणच्या घरीच ठेवला. बहरीनला कसली थंडी, हे आमच्या गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगायचं. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. तिथं पोचल्यावर मला कामाला लावलं ते मासे-मटणाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. बाहेर अंगाची लाही लाही, आत दातावर दात. आम्ही चौघं कोकणातले, चौघंही सारखेच हुशार. गरम कपडा कुणीच आणला नव्हता. कंपनीची जाकिटं ‘इंशाल्ला उद्या’ यायची होती.

आमचा सुपरवायझर तुर्की, मोडकंतोडकं हिंदी बोलणारा. चहाच्या सुट्टीत आम्ही अंग शेकायला उन्हात उभे राहायचो, तेव्हा हा सारीकामिशच्या लढाईची गोष्ट लावायचा. पहिलं महायुद्ध, ऐन हिवाळा. तुर्की सेनापतीला घाई, म्हणून ओझं नको म्हणत त्यानं सैनिकांचे कोट मागेच ठेवायला लावले आणि बर्फाच्या डोंगरांवरून त्यांना रशियनांवर पाठवलं. गोळी लागायच्या आधीच कितीतरी गारठून मेले. त्यात याचे आजोबा. सेनापतीला शिव्या घालता घालता तो रडायला लागायचा. मलाही खरंच वाईट वाटायचं. मग डोळे पुसून तो म्हणायचा, “यल्ला, चलो, कंटेनर खाली करो.” त्याच्या अंगात जाड जाकीट, हातात मोजे. सुपरवायझरचं सामान वेळेवर आलं होतं.

आमच्यातले राजापूरचे चाचा वयानं मोठे. त्यांच्या उजव्या हाताची बोटं पांढरी पडून बधिर व्हायला लागली होती. ऑफिसात सांगावं तर व्हिसा कॅन्सल होऊन घरी पाठवणी, म्हणून ते हात खिशात लपवायचे. मला त्या तुर्काचा संताप यायचा. पण तोंड उघडायची माझी काही छाती झाली नाही.

एके दिवशी गोष्ट संपल्यावर चाचांनीच अगदी साधेपणानं विचारलं, “साहेब, उस बडे अफसर के पास कोट था क्या?”

तुर्कानं जाकीट आणि मोजे काढून चाचांना दिले, आणि तेव्हापासून सगळे हुकूम दाराबाहेर उभा राहून सोडू लागला.

गोष्टही त्यानं बदलली. आता त्यात एक अफसर स्वतःचा कोट उतरवून आजोबांना द्यायचा. आम्ही तिघांनी माना डोलावल्या. चाचा न वळणारी बोटं मोज्यात कोंबायची खटपट करत होते.

“फिर आपके दादा बच गये?” त्यांनी विचारलं.

“नहीं,” तो म्हणाला. “कोट देर से मिला.”