शेजारच्या मामांचा अनुभव

इस्लामपुरात आमच्या शेजारी एक निवृत्त तलाठी राहतात. आम्हाला मुलगी झाली, तेव्हापासून ते रोज सकाळी चहाला येऊन बाळ कसं सांभाळायचं ते शिकवू लागले. "टोपडं घाल तिला. पंखा बंद कर. डायपर कशाला लागतंय? आमी चार पोरं वाढवली, गड्या." बाळ रडायला लागलं की मात्र ते पेपर तोंडासमोर धरत.

एकदा बायकोचा नुकताच डोळा लागला होता आणि आत गॅसवर दूध उतू चाललं होतं. मी मुलीला मामांच्या हातांत दिलं आणि पळालो. परत आलो तर मामा पुतळ्यासारखे बसले होते. हात ताठ, पापणीसुद्धा हलत नव्हती. डायपर त्यांच्याच सल्ल्यानं काढला होता, त्यामुळे धोतर चिंब भिजलं होतं. मुलगी गाढ झोपली होती.

अर्ध्या तासानं मामी त्यांना बोलवायला आल्या आणि दारातच थबकल्या. मला म्हणाल्या, "चार पोरं झाली, पर एकाला बी कवा मांडीवर घेतलं न्हाई ह्यांनी."

मला वाटलं, आता मामा काहीतरी कारण सांगतील. ते मान न वळवता पुटपुटले, "हळू बोल की. उठंल ती."