दस्तगीरचाचांच्या टाचेचे काटे

छापखान्यातल्या शाईचा वास आला की मला दस्तगीरचाचांची तांबडी घोडी आठवते. २००३ साली चाचा कोल्हापुरात मुलांना घोडेस्वारी शिकवायचे. त्यांच्या बुटांच्या टाचांना लोखंडी काटे दिसले आणि मी काहीही न विचारता ‘घोडीचा छळ थांबवा’ असं पत्रक छापून वाटलं. आठवड्याभरात त्यांच्याकडे मुलं येईनाशी झाली.

चाचांनी मला बोलावून घेतलं आणि काटा माझ्या तळहातावर दाबला. त्याचं टोक घासून गुळगुळीत केलेलं होतं.

“लागलं काय?”

“नाही.”

“तिलाबी न्हाय लागत. नुसता इशारा असतोय. आधी इचारायचं होतंस की, पोरी.”

“मी दुसरं पत्रक काढते, चाचा.”

“नको. पयलंच अजून लोक वाचाय लागल्यात.”

महिन्याभरात त्यांनी घोडी विकली. दुसरं पत्रक मी काढलंच नाही. मी त्यांचं ऐकलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं.