विझर्ड आयलंडवरची वज्री

काल ॲन आर्बरच्या दुकानात, साबणांशेजारी, ऐटबाज डबीत टाचा घासायची वज्री दिसली. हातात घेतली आणि मी पुन्हा बारा वर्षांची झाले.

ओरेगनचं क्रेटर लेक. ज्वालामुखी कोसळून खड्डा झाला, त्यात बर्फाचं नि पावसाचं पाणी साचलं आणि त्या निळ्याशार पाण्यात उभा राहिला हा चिमुकला डोंगर, विझर्ड आयलंड. बोटीतून उतरलो तर पायाखाली लालकाळी खडी कुरकुरत होती. आईने एक भोकाभोकांचा दगड उचलून पर्समध्ये टाकला. "अगं, वज्री! कराडच्या न्हाणीत अश्शीच होती. टाचा बघ माझ्या."

मी सरळ आमच्याबरोबर बोटीतून आलेल्या पार्कच्या रेंजरकडे गेले आणि इंग्रजीत सांगितलं, माझी आई दगड चोरतेय.

आईने सगळ्यांसमोर पर्स उघडली, दगड खाली ठेवला, "सॉरी सर" म्हणाली.

तो मूळचा ज्वालामुखी कोसळताना तिथल्या आदिवासी क्लॅमथ लोकांच्या पूर्वजांनी पाहिला, हे त्याच रेंजरने आम्हाला सांगितलं होतं. गोऱ्यांनी त्यांच्याकडून अख्खं सरोवर घेतलं, त्यावर मी चकार शब्द काढला नाही. आता त्यावर पत्रकं लिहिते! तिथून दगडही न्यायचा नाही, हा नियम बरोबरच होता. पण आईच्या कानात मराठीत सांगता आलं असतं की.

परतीच्या बोटीत मी तिला चिकटून बसले. "आई, थंडी वाजतेय." तिने स्वतःची शाल काढून मला गुंडाळली आणि पाण्याकडे बघत विचारलं, "इज इट ओके नाऊ?"

त्याआधी ती माझ्याशी कधीच इंग्रजीत बोलली नव्हती.