दर्याला दिलेला हात

समस्त मत्स्याहारी नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, पापलेटाला बोट लावून "हे कालचं दिसतंय" म्हणणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी हिरामावशी यापुढे लालबागच्या बाजारात आपल्या पाटावर बसणार नाही... लिहितोय खरा, पण महिना उलटला तरी मला ते पटलेलं नाही. त्या सकाळी तिच्या सुनेचा, वैशालीचा फोन आला. "काका, आई उठल्याच नाहीत." मी म्हणालो, "मग हलवून उठव की, धक्क्यावर मासळी आणायला उशीर होईल तिला." पलीकडे हुंदका ऐकू आला, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

कारण आजारातून ती बाहेर आली होती हो. केमो संपली होती. वरळी कोळीवाड्याहून ती परळच्या हॉस्पिटलात यायची. माझं घर तिथून हाकेवर, म्हणून केमो झाली की आमच्याकडेच येऊन पडायची. वर्षानुवर्षं भांडून मासळी घेणारा मी, तिचा हक्काचा माणूस झालो होतो. मळमळ भयंकर, आणि सगळ्यात जास्त कशाची, तर मासळीच्या वासाची. केस गेल्याचं तिला काही नव्हतं, तेल वाचलं म्हणाली. पण परत पाटावर बसता येईल का, या विचाराने ती गप्प व्हायची. हिरामावशी गप्प... आमच्या घरात सगळ्यांना धडकी भरायची.

गोळ्या चालूच होत्या. जोडीला वॉर्डातल्या सिस्टरने अ‍ॅक्युप्रेशर दाखवलं. मनगटाच्या घडीपासून कोपराकडे तीन बोटं मोजायची आणि मधल्या दोन शिरांच्या मध्ये अंगठ्याने दाबायचं. मी ऐटीत माझी तीन बोटं मांडली. बोटं पेशंटची मोजायची, असं सिस्टरने सुनावलं. माझ्या बोटांनी मी जवळजवळ कोपर गाठलं होतं. डाव्या हातातला हिरवा चुडा सरकवायचा नाही, ही मावशीची ताकीद. उजवा मात्र मोकळा. लग्नात कोळणीच्या उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला वाहतात, बोटीवरच्या नवऱ्याला त्याने सांभाळावं म्हणून. "यो हात दर्याला दिलेला," ती डोळे मिटून म्हणाली. "आता तू दाब, बाला. पन भाव कमी व्हायचा नाय."

कधी उमासा मागे फिरायचा, कधी नाही. पुढे तीच दाबायला शिकली. बायको बोंबील तळायला लागली की मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सराव करायची. मनगट दाबून एक श्वास, की पळ. शेवटी एकदा पळाली नाही; उलट तेल नीट तापलं नाही म्हणून बायकोलाच बोलली. मग बाजारात परतली. मनगट धरूनच भाव सांगायची. भाव ऐकून नाडी आपली थांबते, ही स्वतःची का बघतेय, असं गिऱ्हाइकाला वाटायचं. जेमतेम आठवडाभर बसली. झोपेतच हृदय थांबलं म्हणे... कॅन्सरकडे डोळे लावून बसलेलो आम्ही, आणि हे दुसऱ्याच दाराने आलं.

परवा बाजारात गेलो. तोच पाट, तोच कोयता, बसलेली वैशाली. मासळीचा वास आला आणि माझा अंगठा आपोआप उजव्या मनगटावर गेला. तिने पापलेटाचा भाव सांगितला, अगदी सासूसारखा, डोळ्याला डोळा न भिडवता. मी मुकाट पाकीट काढलं. वैशालीने कोयता खाली ठेवला आणि शेजारच्या पाटांवरच्या बायका वळून बघतील एवढ्या मोठ्याने म्हणाली,

"भांडा ना, काका. तुम्ही भांडला नाहीत तर आई खरंच गेल्या असं वाटतं."